फ्रेमच्या दुकानातली मंडळी

सरडीला हे नाव तिच्या थोरल्या भावाने दिलं. लहानपणी ती कुंपणाच्या भिंतीपाशी उकिडवी बसून सरड्यांकडे बघत राहायची. जेवायला हाका मारून आईचा घसा बसायचा. ही मान तेवढी वळवायची आणि पुन्हा भिंतीकडे. भाऊ म्हणाला, "ही आपली नाहीच, ही त्यांचीच." नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने स्वयंपाकघरात "अगं सरडे" अशी हाक मारली आणि सासूबाईंच्या हातून चहाची किटली पडली. त्यांना वाटलं, खरंच सरडा आलाय.

सरड्यांवरून पाली, पालींवरून साप असं तिचं वेड वाढत गेलं. जुन्या शहरात तिच्यासारखी आणखी चार डोकी होती. कुणाच्या घरात साप निघाला की लोक आधी त्यांना बोलवत, मग बाकीच्या जगाला. चाळिशी आली तरी फोन वाजला की सरडी हातातलं टाकून निघायची. सासूबाई नाक मुरडायच्या, पण एकूण सगळ्याची घडी बसलेली होती. मग नवऱ्याला शीतगृहाच्या कंपनीने बढती देऊन दूरच्या शहरात पाठवलं आणि ती घडी विस्कटली.

नवं शहर वाईट नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर घर, गुळगुळीत फरशी, घट्ट बसणाऱ्या खिडक्या. मुलगा वसतिगृहात, म्हणजे घरात माणसं तीनच. सरडीला कामही लगेच मिळालं, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये. दिवसभर प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, मग घासून चकचकीत करायचं. काम तिच्या हातचं होतं आणि लॅबमधल्या बायकाही सोन्यासारख्या होत्या. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत ती हौसेने सांगायला गेली, की जिन्यात एक पाल दिसली, शेपटी तुटून नवी फुटत होती, इतकी नाजूक, की काय सांगू! समोरचीने डब्याचं झाकण लावलं. "बाई गं, निदान जेवताना तरी नको."

त्या दिवसापासून सरडीने त्या विषयावर तोंड उघडलं नाही. नवरा नव्या हुद्द्यात बुडालेला. सासूबाईंना तर मनातून बरंच वाटत होतं, चला, सुटली एकदाची त्या घाणेरड्या नादातून. सरडी घरी यायची, कणीक मळायची, भांडी लावायची आणि बाल्कनीत उभी राहून समोरच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसायची. त्या भिंतीवर मुंगीसुद्धा चढत नव्हती.

सामान हलवताना सासऱ्यांच्या फोटोची काच फुटली होती. सासूबाईंनी तो विषय काढल्याशिवाय एक दिवस मावळू दिला नाही. "त्यांना असं किती दिवस कपाटात कोंबून ठेवणार आहात? जिवंतपणी कधी घरात बसले नाहीत ते." शेवटी एका शनिवारी सरडी फोटो पिशवीत घालून निघाली.

फ्रेमचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. लाकडी पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या, कोपऱ्यात काचेचे कापलेले तुकडे, सगळीकडे सरसाचा वास. दुकानदार पन्नाशी उलटलेले, उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. टेबलावर वाकून ते काच कापत होते. त्यांच्या मागची भिंत फोटोंनी भरली होती आणि प्रत्येक फोटोत एक माणूस होता आणि एक साप.

"ही धामण नुकतीच कात टाकलेली दिसतेय," एका फोटोकडे बघून सरडीच्या तोंडून निघून गेलं. "काय झळाळी आहे!"

दुकानदारांचा हात थांबला. चष्म्यावरून त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "तुम्ही पण त्यातल्या का?"

"हो," सरडी म्हणाली, आणि एवढंसं बोलताना डोळ्यांत पाणी का यावं, हे तिचं तिलाच कळेना.

त्या गृहस्थांना सगळे कप्तान म्हणत. दर रविवारी सकाळी त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मंडळी जमायची. एक नर्स होती, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, एक लाँड्रीवालं जोडपं होतं. पुठ्ठे कापायच्या मोठ्या टेबलाभोवती स्टुलं ओढून सगळे बसायचे, चहा व्हायचा, आणि मग जे बोलणं सुरू व्हायचं ते सरडीला मुरणाऱ्या पावसासारखं वाटायचं. कुणाच्या कासवाने खाणं सोडलंय, कुणी कुठे अंडी बघितली, कोणत्या सापाला लोक उगाच विषारी समजतात. कुणी डब्याचं झाकण लावत नव्हतं.

नर्स तिच्याच वयाची, ठेंगणी, तोंडाने फटकळ. पहिल्याच रविवारी तिने सरडीला विचारलं, "तुझं आवडतं कोण?"

"घरातली पाल," सरडीने भीत भीत सांगितलं.

"चला, एक तरी शहाणी आली. नाहीतर जो येतो त्याला नागच हवा असतो, तेही फोटोपुरता."

तिथेच दोघींचं जमलं. नर्सची ड्यूटी संपली की ती लॅबच्या दारात येऊन उभी राहायची. दोघी बाजारातून हिंडायच्या, नर्सच्या घरी तिची दोन कासवं बघत बसायच्या, सासवांच्या आणि डॉक्टरांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. या वयात नवी मैत्रीण मिळते, हे सरडीला कुणी सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं.

साप निघाल्याचे फोन कप्तानांच्याच मोबाइलवर यायचे. आठवड्यातून एखादा तरी. कुणी जायचं ते कप्तान ठरवत. पकडलेला साप कापडी पिशवीत घालून त्यांच्या हवाली करायचा, पाण्याच्या टाकीपलीकडच्या झाडीत नेऊन सोडायचं काम त्यांचं. "जागा एकालाच माहीत असलेली बरी," ते म्हणत. "दहा जणांना कळली की अकरावा दगड घेऊन पोचतो." ते कुणाकडून पैसा घेत नसत, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. सरडीलाही ते पटलं.

महिन्याभरातच एका संध्याकाळी कप्तानांचा फोन आला. "सरडे, आज तुझी पाळी. मी मागे उभा राहतो, हात लावणार नाही."

घर एका आजींचं होतं. अडगळीच्या खोलीत ट्रंकांमागे धामण शिरली होती. चांगली लांबलचक, पिवळसर, शेपटीच्या टोकाला एक वाकडी गाठ. सरडीला गाडीवरून सोडायला नवरा आला होता, तो दारातच खिळला. सरडीने एकेक ट्रंक हलकेच ओढली, साप पकडायचा आकडा पुढे सरकवला, धामणीला आपल्या मर्जीने वाट काढू दिली आणि शेपटी धरून ती अलगद पिशवीत उतरवली. बाहेर जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी सरडीचे दोन्ही हात धरले आणि सोडीनातच. परतताना नवऱ्याने घराच्या वळणावर गाडी थांबवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं तू हे करत होतीस, आणि मी कधी बघायलाच आलो नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी सासूबाईंना जिन्यात गाठून विचारलं, "ती साप पकडणारी तुमचीच सून का हो?" सासूबाई आधी चपापल्या. पण वहिनींच्या आवाजातलं कौतुक ओळखून म्हणाल्या, "माझीच. लहानपणापासूनच तशी धीट आहे." जणू त्यांनीच तिला कडेवर घेऊन शिकवलं होतं! रविवारी कप्तानांनी सरडीचा धामणीसोबतचा फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. सरडी त्याच्यासमोर उभी राहिली. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर नसून इथे, या सरसाच्या वासात आहे, असं तिला वाटून गेलं.

असे बरेच महिने गेले. मग घड्याळजींच्या घरून फोन आला.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. दुकान बंद करून ते मुलीसोबत राहत. सकाळी ते न्हाणीघरात गेले, कोपऱ्यातल्या बादलीमागून साप सरपटला, म्हातारे घाबरून मागे सरकले आणि उंबऱ्याला अडखळून पडले. सरडी, नर्स आणि कप्तान पोचले तेव्हा ते पॅसेजमध्ये आडवे होते, एक पाय विचित्र वळलेला, ओठ पांढरे पडलेले. मुलगी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नर्सने पटकन गुडघे टेकले, पाय हलू नये म्हणून दोन्हीकडे उशा लावल्या. "खुब्याचं हाड दिसतंय. कुणी उचलू नका, गाडी येऊ दे."

सरडी आत गेली. धामणच होती, जेमतेम हातभर, पोट फुगलेलं. तिने ती पकडली, पिशवीत घालणार एवढ्यात धामणीने अंग पिळलं, जबडा ताणला आणि खाल्लेलं ओकून टाकलं. यात नवल काही नव्हतं. पोटभर खाल्लेल्या सापाला हाताळलं की तो घाबरून खाल्लेलं बाहेर टाकतो. पण धामण पिशवीत घातल्यावर फरशीवर जे पडलं होतं ते बघायला सरडी खाली वाकली.

उंदीर होता. पांढराशुभ्र उंदीर.

घराच्या कानाकोपऱ्यांत फिरणारा उंदीर मातकट असतो, करडा असतो. पांढरा उंदीर बिळात जन्मत नाही, दुकानातल्या पिंजऱ्यात जन्मतो. आणि तो रानातल्या सापाच्या पोटात आपल्या पायाने चालत जात नाही.

"काय बघत बसलीस?" कप्तान मागून आले. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढला, उंदीर गुंडाळला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. त्यांचा हात एवढ्या चटकन चालताना तिने कधी पाहिला नव्हता. "पिशवी दे इकडे."

तिने पिशवी दिली. बाहेर म्हाताऱ्यांना गाडीत चढवत होते आणि ते लहान मुलासारखे रडत होते. निघताना सरडीची नजर बैठकीच्या भिंतीवर गेली. तिथे घड्याळजींचा त्यांच्या जुन्या दुकानातला फोटो होता, कोऱ्या करकरीत फ्रेममध्ये. खिळ्याखालचा भुगा अजून जमिनीवर होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिचं कामात लक्ष लागेना. एका कवळीत तिने डावा दात उजवीकडे बसवला. मनातल्या मनात ती साप निघालेलं एकेक घर आठवत होती. आजींच्या दिवाणखान्यात नातवाचा मोठा फोटो होता, नवाच. शिंपिणीच्या घरी आरसा, नवाच. गोदामवाल्याच्या ऑफिसात मालकाच्या वडिलांची तसबीर. कप्तान फ्रेम नुसती विकत नसत, घरी जाऊन भिंतीवर लावूनही देत. हत्यारांची मोठी पिशवी खांद्याला अडकवून जात, आणि निघताना दाराला ग्रुपच्या नंबरचा स्टिकर चिकटवून येत.

"मी वेडी झालेय," ती स्वतःशी म्हणाली. "शहरात फ्रेमवाला एकच, मग फ्रेम त्याचीच असणार ना." तरी संध्याकाळी तिचे पाय बाजारातल्या मासे आणि पक्षी विकणाऱ्या दुकानाकडे वळले. पांढरे उंदीर मिळतात का, असं तिने विचारलं.

"मिळतात की," दुकानदार म्हणाला. "पण आज संपले. फ्रेमवाले कप्तान दर आठवड्याला नेतात ना, तुम्हाला सांगून ठेवावं लागेल."

सरडी तिथून थेट फ्रेमच्या दुकानात गेली. कप्तान एकटेच होते. तिने चप्पलसुद्धा काढली नाही; कडेच्या शिडीवरून ती पोटमाळ्यावर चढली. "अगं, तिथे पट्ट्या आहेत, पडशील," कप्तान खालून म्हणाले, पण त्यांनी अडवलं नाही.

वर ओळीने लाकडी खोकी होती. फ्रेमच्या पट्ट्यांचीच केलेली, वर काचेची झाकणं, कडेला हवेसाठी भोकं. काम इतकं सुबक, की कुणालाही कौतुक वाटावं. प्रत्येकात भुसा, पाण्याची वाटी आणि साप. घड्याळजींच्या घरातली ती छोटी धामण तिथे होती. आणि शेवटच्या खोक्यात, काचेला तोंड लावून, शेपटीच्या टोकाला वाकडी गाठ असलेली तिची स्वतःची धामण होती.

ती खाली उतरली तेव्हा कप्तानांनी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवून ठेवलं होतं. ती बसली नाही.

"बिनविषारीच आहेत सगळे," ते म्हणाले. "कुणाला चावलं का आजवर?"

"म्हातारे पडले, कप्तान."

"त्याचं मला कमी वाईट वाटतं का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी खरेच फोन यायचे गं. मग इथली झाडी गेली, नाले बुजले, इमारती आल्या. फोन थांबले. ग्रुपमध्ये किती माणसं होती माहीत आहे? खोलीत मावत नव्हती. एकेक करून गळाली. साप नाही तर येतील कशाला? मग एकदा मी एक सोडला. नुसतं बघायला. त्या रविवारी सगळे आले. काय बोलले, काय हसले! मी तरी दुसरं काय करायचं होतं?"

"आजींच्या घरी?"

कप्तानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आजींच्या घरी ती धामण तुम्ही सोडलीत?"

"तुझ्यासाठी सोडली," ते शेवटी म्हणाले, आणि आवाज इतका मायेचा होता, की तिला तो कानफटात बसल्यासारखा लागला. "पहिल्या दिवशी तू या दारात उभी होतीस तेव्हाचा तुझा चेहरा तुला नाही माहीत. बुडणाऱ्या माणसाचा असतो तसा. मला वाटलं, हिला काहीतरी द्यावं."

टाळ्या, आजींचे ते हात, गाडीवरचा नवरा, जिन्यातल्या सासूबाई. सगळं या माणसाने हत्यारांच्या पिशवीतून नेऊन ट्रंकांमागे ठेवलं होतं. सरडीने भिंतीवरचा आपला फोटो खिळ्यावरून उतरवला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग ती बाहेर पडली.

ती नर्सकडे गेली. दुसरीकडे कुठे जाणार होती? नर्स कासवांना पाला घालत होती. सरडीने एका दमात सगळं सांगितलं. नर्स संतापेल, भांडी आपटेल, आत्ताच्या आत्ता चल म्हणेल, असं तिला वाटत होतं. नर्सने हात धुतले, पुसले.

"बस. पाणी देऊ?"

"तुला काहीच वाटत नाही?"

"अगं, मला वाटलं, तुलाही माहीत आहे."

सरडी दाराकडे एक पाऊल मागे सरकली.

"म्हणजे कुणी बोलत नाही," नर्स म्हणाली. "पण दिसतं ना. बोलून काय मिळणार? ड्रायव्हरची बायको गेल्यापासून त्याला रविवारशिवाय काही नाही. लाँड्रीवाल्यांना मूल नाही. मी दिवसभर लोकांचे ड्रेसिंग करते आणि घरी कासवांशी बोलते. कप्तान चालवतात म्हणून चाललंय."

"म्हाताऱ्यांचा पाय तू स्वतःच्या हाताने धरला होतास. तेव्हाही तुला माहीत होतं?"

नर्सने नजर वळवली. "म्हाताऱ्यांचं हाड जुळेल. ग्रुप मोडला तर तो नाही जुळायचा."

कप्तानांच्या दुकानात न फुटलेलं रडू सरडीला इथे फुटलं. कप्तान शेवटी परके होते. पण हिच्यासोबत तिने रस्त्यात उभं राहून भाजलेली कणसं खाल्ली होती, नवऱ्याला न सांगितलेलं हिला सांगितलं होतं. आणि इतके महिने प्रत्येक साप पकडून झाल्यावर हिनेच तिच्या पाठीवर थाप मारली होती, "वा गं माझी वाघीण!" म्हणत. सगळं माहीत असून.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण आपल्याला या शहरात राहायचंय. तू जाणं बंद कर, बास. विषय संपला." सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे मी सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरले, ते सगळं खोटंच?"

"साप खरा होता, आई," सरडी म्हणाली. "पकडला मीच होता."

"पण कुणीतरी ठेवला म्हणून."

सरडी उठून कणीक मळायला गेली.

दोन दिवस ती घुसमटली. मग ती इस्पितळात जाऊन घड्याळजींच्या मुलीला भेटली आणि सगळं सांगितलं. मुलगी शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "उंदीर तुम्ही तिथेच बघितला होता ना? आमच्या घरात? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माझी खात्री नव्हती."

"नव्हती, की नको होती?" असं म्हणून ती वडिलांच्या वॉर्डात निघून गेली.

मुलीने तक्रार केली. वनखात्याची माणसं दुकानात आली, काचेची खोकी एकेक करून शिडीवरून उतरवली गेली आणि अख्खी गल्ली बघायला लोटली. सगळ्या ग्रुपला जबाबासाठी बोलावलं. कप्तानांनी सगळं कबूल केलं, पण कुणाचंही नाव घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. बोलली ती नर्स. इस्पितळातली नोकरी जाईल या भीतीने ती म्हणाली, "आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. हिलाही. हिने तर सर्वांत जास्त पकडले." सरडी शेजारच्याच खुर्चीवर होती. तिने नर्सच्या तोंडाकडे बघितलं. नर्स समोरच्या अधिकाऱ्याकडे बघत होती, आणि तिचा हात सवयीने सरडीच्या हाताशेजारी टेबलावर होता.

मासेवाल्या दुकानदाराने सांगितलं, की ही बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिला काही माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. त्यामुळे सरडी सुटली. कप्तानांना दंड झाला, साप दूरच्या रानात नेऊन सोडले, फोनचा नंबर बंद झाला. रविवारची खोली आता पुठ्ठे ठेवायला वापरतात, असं तिच्या कानावर आलं. ती त्या गल्लीतून पुन्हा गेली नाही. ग्रुपमधल्या कुणाचाच फोन आला नाही. ड्रायव्हर एकदा सिग्नलला दिसला, त्याने बसची काच वर केली. लोकांच्या तोंडी मात्र तिची सुटका झाली नाही. "आधी सोडायचे आणि मग पकडायचे, त्यातलीच ती," असं म्हणून बायका जिन्यात आवाज खाली आणायच्या. शेजारच्या वहिनी आता फक्त पाणी आलं का एवढंच विचारायच्या. घड्याळजी काठीच्या आधाराने चालू लागले. तेही तिला दुसऱ्यांकडूनच कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस ती लॅबमधून परतली तेव्हा इमारतीच्या फाटकापाशी कचऱ्याच्या डब्याशेजारी साप पडला होता. ठेचलेला. तिने खाली बसून बघितलं. मण्यार नाही, नाग नाही. बिचारा कवड्या, पाली शोधत भिंतीच्या फटीतून आलेला. कुणीही आणून सोडलेला नाही. या शहरात तिने पाहिलेला बहुधा पहिला खरा साप.

"दुपारी पार्किंगमध्ये निघाला," वॉचमन म्हणाला. "सगळे जमले. काठ्यांनी मारला."

"मला का नाही बोलावलंत? लॅब दहा पावलांवर आहे."

वॉचमन ओशाळला. "मी म्हटलं होतं, बाई. पण लोक म्हणाले, ते नाटक आता पुरे."

तिने कागदात गुंडाळून तो कुंपणाच्या कडेला मातीत पुरला. हात धुताना तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कवड्या होता म्हटल्यावर जिच्या तोंडून लगेच हळहळ निघाली असती, अशी एकच बाई या शहरात होती. नंबर अजून फोनमध्ये होता. सरडी तो बघत जिन्यात उभी राहिली, मग फोन पर्समध्ये टाकून वर गेली.

सासूबाई बैठकीत शेंगा सोलत होत्या. "खाली काय झालं गं? आरडाओरडा ऐकला दुपारी."

"साप होता, आई. मारला लोकांनी." मग न थांबता ती सांगत सुटली. तपकिरी अंगावर पांढरे आडवे पट्टे होते, मानेपाशी जाड, शेपटीकडे विरत गेलेले. विष नसतं त्याला. मण्यारीसारखा दिसतो म्हणून मरतो बिचारा. रात्रीचा निघतो, पाली खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. दिवसाउजेडी निघाला म्हणजे कुणीतरी त्याची फट बुजवली असणार. आता त्या नेहमीसारखं "पुरे बाई" म्हणतील, असं वाटून ती थांबली.

सासूबाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. शेंगांचं ताट मांडीवर नीट धरलं.

"मण्यार आणि हा, मग ओळखायचा कसा?" त्या म्हणाल्या.